एकचक्रेची पाळी

नागपूरहून वर्ध्यास जाणाऱ्या रस्त्यावर, सेलू गाठण्यापूर्वी, केळझर नावाचे गाव लागते. तेथे टेकडीवर गणपतीचे जुने देवस्थान आहे, आणि विदर्भातील अष्टविनायकांत त्याची गणना होते. तथापि या गावाविषयी आम्हांस कुतूहल वाटते ते आणखी एका कारणाने. महाभारतातील एकचक्रा नगरी ती हीच, लाक्षागृहातून निसटलेले पांडव ब्राह्मणवेषाने राहिले ते येथेच, आणि भीमाने बकासुरास मारले तेही याच परिसरात, अशी तिकडील लोकांची परंपरागत समजूत आहे. इतिहाससंशोधक या समजुतीस पुरावा मागतील, आणि तो कोणास देता यावयाचा नाही. बिहारातील आरा शहराच्या आसपासचे लोक आणि बंगालातील बीरभूमचे लोकही हाच मान आपापल्या भूमीस देतात. आम्हांस या वादाचा निकाल लावावयाचा नाही. परस्परांपासून शेकडो कोस दूर असलेल्या तीन प्रांतांतील लोकांस बकासुराची नगरी ती आपलीच असे वाटावे, यातच पुष्कळ अर्थ आहे. ज्या गावातून अन्नाचा गाडा आणि त्याबरोबर एक माणूस राक्षसाकडे जात असे, ते गाव आपले नव्हेच, असे छातीवर हात ठेवून सांगू शकेल असा देश पृथ्वीच्या पाठीवर विरळा.

लोकांच्या चळवळींनी जगाची राज्यव्यवस्था अधिक न्यायाची होईल काय, हा प्रश्न विचारी माणसास आज पुन्हा अस्वस्थ करीत आहे. गेल्या शंभर वर्षांत चळवळी थोड्या झाल्या नाहीत. साम्राज्ये मोडली, नवी राज्ये उभी राहिली, मनुष्यमात्राच्या हक्कांच्या सनदा लिहिल्या गेल्या. आणि तरीही युद्ध, दारिद्र्य आणि मानहानी यांचा मुक्काम हलला आहे असे वाटत नाही. म्हणून कोणी म्हणतो, चळवळी म्हणजे शक्तीचा अपव्यय. कोणी म्हणतो, एखादा समर्थ पुरुष आल्यावाचून तरणोपाय नाही. या दोन्ही मतांचा विचार एकचक्रेच्या कथेच्या आधाराने करावा असे आम्ही योजिले आहे. कथा सर्वांस ठाऊक आहे. परंतु लहानपणी ऐकलेली कथा मोठेपणी पुन्हा वाचण्याची तसदी आपण सहसा घेत नाही.

लहानपणीच्या कथेत गाड्यावर बसून अन्न फस्त करणारा भीम तेवढा लक्षात राहतो. आदिपर्वात याहून पुष्कळ काही आहे. ज्या ब्राह्मणाच्या घरी पांडव उतरले होते तो कुंतीस नगरीची हकीकत सांगतो. बक हा त्या प्रदेशाचा केवळ भक्षक नव्हता, रक्षकही होता. त्याच्या बळामुळे परचक्राचे भय नगरीस उरले नव्हते. या रक्षणाचा मोबदला म्हणून एक गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस, असा त्याचा कर ठरलेला होता. त्या देशास राजा नव्हता असे नाही. तो वेत्रकीयगृह नामक स्थानी राहत होता, पण प्रजेचे रक्षण करण्याची युक्ती वा शक्ती त्याच्या ठायी नव्हती. करातून सुटण्याची जो कोणी खटपट करी, त्यास बक बायकामुलांसह मारून खात असे. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, एकेका घराची पाळी पुष्कळ वर्षांनी येत असे.

या शेवटच्या गोष्टीपाशी आम्हांस क्षणभर थांबावयाचे आहे. नगरीत घरे अनेक आणि राक्षस एक. सर्वांनी मिळून काही करण्याचा विचार कधी झालाच नसेल काय? आमच्या मते त्या विचारास आडवी आली ती पाळी. बकाने रोज सर्व नगरीस छळले असते, तर नगरी एक दिवस तरी खवळून उठली असती. परंतु रोज एकाच घरात आक्रोश होत असे आणि बाकीच्या घरांत चुली पेटत असत. ज्याची पाळी त्याला सोबत नाही. ज्यांची पाळी नाही त्यांना घाई नाही. शिवाय पाळी ही दिसावयास न्याय्य दिसते. सर्वांवर सारखीच येणारी आपत्ती, मग तक्रार कोणाविरुद्ध करावयाची? अशा रीतीने पाळीने अन्यायास न्यायाचा वेष दिला होता.

पण हा न्यायही वरवरचाच होता. तो ब्राह्मण आपल्या विलापात असे बोलून जातो की, विकत माणूस घेऊन पाठवावा एवढे द्रव्य माझ्यापाशी नाही. म्हणजे द्रव्य असलेल्यांस ती सोय असावी, आणि त्यांच्या पाळीस दुसऱ्याच कोणाचा मुलगा गाड्याबरोबर जात असावा. तोच ब्राह्मण पत्नीस आठवण देतो की, हे गाव सोडून जाऊ असे मी पूर्वीच म्हणत होतो, पण माहेरचा लोभ तुला सुटला नाही. गाव सोडावे की न सोडावे, एवढाच विचार त्या सज्जन गृहस्थास सुचला होता. गाव सुधारावे हा सुचला नव्हता. आम्ही त्यास दोष देत नाही. शहाण्या, कुटुंबवत्सल माणसाची बुद्धी साधारणतः येथवरच पोचते, आणि आमची स्वतःची याहून फार पुढे जाते असे म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाही.

तो का नाही, ते सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी या वर्धा जिल्ह्यातीलच एका खेड्यात एका शेतकऱ्याच्या घरी आम्ही सांत्वनास गेलो होतो. कापूस हाती आला नाही, आला त्यास भाव मिळाला नाही, देणे मात्र वाढत गेले, आणि त्या माणसाने आपला शेवट करून घेतला. ओसरीवर गावकरी बसले होते. कोणी फार बोलत नव्हते. परत येताना आमच्या मनात पहिला विचार आला तो असा की, बरे झाले, आपल्या घरात कोणी शेतीवर अवलंबून नाही. हा विचार आला आणि त्याची लाजही वाटली. परंतु आला होता हे खरे. एकचक्रेतील शेजाऱ्यांच्या मनात, पाळीच्या घरावरून जाताना, याहून वेगळे काय येत असेल?

या प्रदेशातील कापसाचा भाव गावात ठरत नाही, आणि पुष्कळदा देशातही ठरत नाही. अमेरिकेसारखे धनाढ्य राष्ट्र आपल्या कापूस उत्पादकांस सरकारी तिजोरीतून साहाय्य देते, तेव्हा जगाच्या बाजारात भाव उतरतो आणि त्याचा भार वर्ध्याच्या शेतकऱ्याप्रमाणेच आफ्रिकेतील शेतकऱ्यावरही पडतो. २००३ साली बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार गरीब राष्ट्रांनी ही तक्रार जागतिक व्यापार संघटनेपुढे मांडली. ब्राझीलने त्याच संघटनेत अमेरिकेविरुद्ध दावा लढविला आणि २००५ साली अपिलातही तो जिंकला. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी खास साहाय्य जाहीर केले, त्यांत वर्धा होता. दुष्काळ, कर्ज, बियाणे, सिंचनाचा अभाव, अशी या दुःखाची इतरही कारणे आहेत आणि ती लहान नाहीत. आमचा मुद्दा एवढाच की, ज्या घरात आकांत होतो त्या घराचे आणि सातासमुद्रापलीकडील निर्णयाचे नाते आहे. पण पाळी एकेकट्या घरावर येते म्हणून ते नाते दिसत नाही. माली देशातील कापूसवाला आणि केळझरचा कापूसवाला एकाच नगरीचे रहिवासी आहेत, हे दोघांपैकी कोणास ठाऊक नसते. सारी पृथ्वी आज एकचक्रा झाली आहे, आणि तिच्या रहिवाशांची परस्परांशी ओळख नाही.

आता पहिल्या मताकडे वळू. चळवळींनी काही होत नाही, असे म्हणणारे १५ फेब्रुवारी २००३ हा दिवस पुढे करतात. इराकवर युद्ध लादले जाऊ नये म्हणून त्या दिवशी जगातील शेकडो शहरांत लक्षावधी माणसे रस्त्यावर आली. एकाच दिवशी, एकाच मागणीसाठी, इतक्या देशांतील इतकी माणसे त्यापूर्वी क्वचितच एकत्र झाली असतील. आणि मार्चच्या २० तारखेस युद्ध सुरू झाले. पुढील वर्षी, २००४ च्या जानेवारीत, मुंबईस गोरेगाव येथे जागतिक सामाजिक मंचाचे अधिवेशन भरले. २००१ साली ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे येथे सुरू झालेला हा मेळा भारतात प्रथमच येत होता. दुसरे जग शक्य आहे, ही त्याची घोषणा. दलित, आदिवासी, मजूर, स्त्रिया, कोळी, धरणग्रस्त, असे नाना देशांचे नाना लोक तेथे आले. ढोल वाजले, परिसंवाद झाले, मिरवणुका निघाल्या. मग मंडप उतरला आणि ज्याचा तो आपल्या गावी गेला.

या टीकेत तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. एकचक्रेच्या कथेच्या शेवटीही एक उत्सव आहे. सकाळी वेशीपाशी बकाचे प्रेत पडलेले पाहून नगरवासी गोळा झाले, आणि त्यांनी प्रथम काय केले? आज कोणाची पाळी होती, याचा हिशेब केला! राक्षस मेला तरी पाळीची सवय मेली नव्हती. त्या घरच्या ब्राह्मणाने भीमाचे नाव गुप्त ठेवून, कोणी मंत्रसिद्ध पुरुषाने हे केले, असे सांगितले. आणि चारी वर्णांच्या लोकांनी आनंदाने ब्राह्मणांचा महोत्सव केला. एवढ्यावर त्या नगरीचे शिक्षण संपले. जी चळवळ एका दिवसाच्या मिरवणुकीत वा चार दिवसांच्या मेळ्यात समाप्त होते, तिला उत्सवाचे पुण्य लाभते, त्याहून अधिक काही लाभत नाही. परंतु यावरून चळवळ व्यर्थ ठरते असे नव्हे. मेळ्यात माणसांची ओळख होते, आणि पाळीची खोड मोडावयाची तर ओळख ही पहिली पायरी आहे. दोष पायरीचा नाही. तिच्यावरच मुक्काम ठोकणाऱ्याचा आहे.

दुसरे मत भीमाची वाट पाहणाऱ्यांचे. समर्थ पुरुष येईल, एका तडाख्यात बकाचा निकाल लावील आणि आपण सुटू, ही आशा मनुष्यास फार प्रिय आहे. भीम आला, आणि काम करून गेला. पण तो गेला, हे विसरता कामा नये. पांडव पुढे पांचालांच्या नगरीस निघून गेले, आणि एकचक्रेत राहिले तेच लोक, तोच दुर्बल राजा. दुसरा बक आला असता तर त्यांनी काय केले असते, हे व्यासांनी सांगितलेले नाही. जे भीम जात नाहीत त्यांची गोष्ट तर याहून बिकट. १९१७ साली रशियात जुनी राजसत्ता उलथून पडली, तेव्हा जगातील पददलितांस केवढा हर्ष झाला होता! पण पुढे स्टालिनच्या अमलात त्याच राज्यात पाळीचे गाडे निघू लागले, आणि त्यांस रक्षणाचा मोबदला असेच नाव होते.

सौम्य, निःस्वार्थ भीमाचे उदाहरण पाहावयाचे तर केळझरहून लांब जाण्याचे कारण नाही. सेलू ओलांडून वर्ध्याकडे निघाले की पवनार लागते. धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम आहे. १९५१ च्या एप्रिलात तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूमिहीनांसाठी त्यांस पहिले भूदान मिळाले, आणि पुढे वर्षानुवर्षे ते देशभर पायी हिंडले. चाळीस लाख एकरांहून अधिक जमिनीचे दान त्यांच्या झोळीत पडले. मनुष्याच्या अंतःकरणास हात घालून एवढी जमीन मागण्याचा प्रयोग जगाच्या इतिहासात दुसरा नसावा. परंतु त्यांतील कितीतरी जमीन भूमिहीनांपर्यंत पोचलीच नाही. काही नापीक निघाली, काही वादात अडकली, काहीचे कागदच झाले नाहीत. विनोबा पुढच्या गावी गेले आणि मागच्या गावात, दान अमलात आणणारी, भूमिहीनांची स्वतःची शक्ती उभी राहिली नव्हती. विनोबांविषयी आम्हांस नितांत आदर आहे. म्हणूनच म्हणतो, इतका थोर पुरुषही गावाच्या वतीने गावाचे काम पुरे करू शकत नाही.

मग आशा कोठे ठेवावी? कथेत एक पात्र असे आहे की ज्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. आईबाप आणि मुलगी, तिघेही गाड्याबरोबर मीच जातो, मीच जाते, असे म्हणून रडत असता, त्या घरचा बोबडा बोलणारा लहान मुलगा एकेकाजवळ जातो, रडू नका म्हणतो, आणि गवताची एक काडी उचलून, हिनेच मी त्या माणसे खाणाऱ्या राक्षसास मारीन, असे सांगतो. त्या दुःखातही सर्वांस हसू येते. बाकी सगळे कोणी मरावे याचा विचार करीत होते. राक्षसास मारावे, हा विचार त्या साऱ्या घरात एका मुलासच सुचला. व्यासांनी हा प्रसंग करुणेत थोडा विनोद असावा म्हणून घातला असेल. पण कुंती पुढे येऊन बोलते ती याच क्षणी. भीमाच्या आधी ती काडी आहे.

ही काडी विदर्भाने एकदा प्रत्यक्ष उचलली होती. १९३० साली गांधीजींनी दांडीस मीठ उचलले. मध्यप्रांत-वऱ्हाडास समुद्र नाही. मग कायदा कोणता मोडावा? १९२७ च्या जंगल कायद्याने राखीव जंगलातील गवत व सरपण यांवर सरकारचा हक्क बसविला होता, आणि ज्याचे गुरू उपाशी त्यास परवान्यावाचून पेंढीभर गवतही कापता येत नव्हते. १९३० च्या जुलैत यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथे लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातील गवत कापले आणि तुरुंग पत्करला. पाठोपाठ ठिकठिकाणच्या गावकऱ्यांनी विळे उचलले. गवत कापावयास भीमाचे बाहू लागत नाहीत, विद्वत्ता लागत नाही, पैसाही लागत नाही. कृती अशी निवडली होती की ती कोणीही करावी; आणि जी कोणीही करू शकतो तीच सर्वांना करता येते. तेथे पाळी संपते, कारण सर्वांची पाळी एकाच दिवशी येते.

कोणी विचारील, त्या गवताने झाले काय? इंग्रजांचे राज्य गेले, पण जंगल कायदा राहिला. ही गोष्ट खरी आहे, आणि चळवळीचे माप घेताना आपण केवढी घाई करतो हेही तीवरून दिसते. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गावाने जंगल हे आपले आहे आणि ते आपणच सांभाळू, असा आग्रह धरला. देवाजी तोफा हे त्यांतील पुढारी. पण गावाची रीत अशी की निर्णय बहुमताने घ्यावयाचा नाही, सर्वांच्या संमतीने घ्यावयाचा, आणि निर्णयापूर्वी अभ्यासगटात विषय समजून घ्यावयाचा. २००६ साली देशभरच्या आदिवासी चळवळींच्या रेट्याने वनहक्क कायदा झाला. २००९ साली मेंढ्यास सुमारे अठराशे हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तरीही वनखाते बांबू विकू देईना. बांबू हे झाड आहे, असे जुना कायदा म्हणत होता. बांबू हे गौण वनोपज आहे, असे नवा कायदा म्हणत होता. गावकरी हटले नाहीत, आणि २०११ च्या एप्रिलात बांबू बाहेर नेण्याचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे गवतच होय. पुसदचे गवत १९३० साली कापले गेले. मेंढ्याचे गवत गावाने आपल्या हक्काने विकले ते एक्याऐंशी वर्षांनी. मधल्या काळात कितीतरी माणसे, आपण हरलो, असे समजून मेली असतील.

एका गावाची ही गोष्ट जगास काय उपयोगाची, असा आक्षेप येईल. त्याचे उत्तर महाडने दिले आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर सहस्रावधी अस्पृश्यांसह चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. पाणी पिणे ही कृतीही अशीच, कोणालाही करता येणारी. त्याबद्दल मार खावा लागला, खटला दहा वर्षे चालला, आणि १९३७ साली मुंबई हायकोर्टाने निकाल दिला. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, ती कागदावर. व्यवहारात ती आजही झगडूनच नष्ट करावी लागत आहे. पण आम्हांस सांगावयाचे आहे ते १९४६ सालच्या एका पत्राविषयी. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचे वाचून डॉ. आंबेडकरांनी तिकडील विचारवंत डु बॉइस यांस पत्र लिहिले, दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य दाखविले, आणि त्या अर्जाच्या प्रती मागविल्या. डु बॉइस यांनी सहानुभूतीचे उत्तर दिले. या पत्रव्यवहाराने कोणतेही राज्य हादरले नाही. तथापि समुद्रापलीकडील अनोळखी समाजाच्या पाळीत आपली पाळी ओळखणे, हेच जागतिक चळवळीचे बीज आहे. पुढे १९५५ च्या डिसेंबरात अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसगाड्यांवर बहिष्कार घातला आणि ३८१ दिवस ते पायी चालले. गांधींच्या मार्गाचा अभ्यास त्यांच्या पुढाऱ्यांनी केला होता, पण चालले ते त्यांचे स्वतःचे पाय होते.

कथेतील आणखी एक तपशील येथे उपयोगी पडतो. बक मेल्यावर त्याचे नातेवाईक राक्षस पुढे आले, तेव्हा भीमाने त्यांस मारले नाही. यापुढे मनुष्यहिंसा करावयाची नाही, असे वचन घेतले. म्हणजे विजयाचा शेवट कराराने झाला. राक्षसांनी ते वचन पाळले असे व्यास सांगतात. मनुष्यांची सरकारे मात्र आपण होऊन वचन पाळतातच असा अनुभव नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमी योजना राज्यभर सुरू झाली; वि. स. पागे यांनी तिचा पाठपुरावा केला, १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि २००५ साली त्याच कल्पनेवर संसदेने साऱ्या देशासाठी कायदा केला. कामाचा हक्क कायद्यात आला ही थोर गोष्ट झाली. पण काम निघावे, मजुरी वेळेवर मिळावी, हजेरीपटावर खोटी नावे चढू नयेत, यासाठी मजुरांस पुन्हापुन्हा तहसील कचेरीवर जावे लागले. जेथे संघटना जागी होती तेथे कायदा चालला. जेथे ती नव्हती तेथे कागद राहिला. वचन घेणे हे एका दिवसाचे काम आहे. ते पाळवून घेणे हे रोजचे काम आहे, आणि त्यास उत्सव नाही.

तेव्हा जगाच्या भवितव्याविषयी आमचे मत काय, असे वाचक विचारतील. सर्व पृथ्वीवर एकाच दिवशी न्यायाचे राज्य येईल अशी आमची अपेक्षा नाही. तशी घोषणा करणारा कोणी आला तर त्याच्या गाड्यात काय आहे ते आधी पाहावे, असे आम्ही सुचवू. परंतु चळवळी निष्फळ आहेत हेही आम्हांस मान्य नाही. पुसद, महाड, मेंढा या ठिकाणी लोकांनी जे मिळविले ते थोडे होते, उशिरा मिळाले, आणि अजून अपुरे आहे; पण ते त्यांनी स्वतः मिळविले म्हणून टिकविण्याचे बळही त्यांच्यापाशी राहिले. जगाचे राजकारण बदलेल ते अशा जागांची परस्परांशी ओळख वाढेल त्या मानाने. ती ओळख वाढविण्याच्या कामी आपल्यासारख्या, ज्यांची पाळी आज नाही अशा, सुखवस्तू वाचकांचा आणि लेखकांचा भाग मोठा आहे. शेजारच्या घरातील रडणे ऐकून कुंती उठली. तिची पाळी नव्हती; ती त्या गावची देखील नव्हती. आम्ही मात्र त्या ओसरीवरून, आपली पाळी नाही याचा हिशेब करीत परत आलो होतो.

त्या खेड्यात आम्ही त्यानंतर पुन्हा गेलो. त्या घरची बाई दुसऱ्या तिघीचौघींबरोबर बसून देण्याचे कागद लावीत होती. कोणत्या कागदावर काय लिहिले आहे ते त्या एकमेकींस वाचून दाखवीत होत्या. आम्हांस अक्षर बरे येते म्हणून त्यांनी एक अर्ज लिहून मागितला. तो आम्ही लिहिला. अर्ज एकीच्या नावाने लिहावा की सर्वांच्या, असे आम्ही विचारले, तेव्हा ती म्हणाली, सर्वांच्या नावाने लिहा.